आपल्या आवाजाने दाखवलेले बडोदे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपली आणि माझी भेट झालेली नाही. आपला आवाज मात्र मी आता जुन्या शहराच्या मध्यावरील मांडवीच्या गर्दीतही ओळखेन. निवृत्तीनंतर आपण जुन्या बडोद्याच्या पायी फेरीसाठी मराठीत ध्वनिमुद्रित केलेल्या क्लिप्स शेजाऱ्यांकडून माझ्यापर्यंत पोहोचल्या आणि गेल्या शनिवारी मी आईला घेऊन बाहेर पडले. इअरफोनची एकच जोडी, तीही वायरची. एक टोक तिच्या कानात, दुसरे माझ्या, त्यामुळे तासन् तास दोघींना पावलाला पाऊल जुळवूनच चालावे लागले. असे आम्ही किती वर्षांत चाललो नव्हतो!

दांडिया बाजारात लहानाची मोठी होऊनही तांबेकर वाड्यात मी कधी पाऊल टाकले नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकरांचा हा वाडा. आपण तेथे इतिहास सांगण्याआधी "डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा" असे सांगून स्वतःही गप्प राहिलात, हे मला फार आवडले. मग भिंतींवर हळूहळू कृष्णलीला उमटू लागली, महाभारतातले प्रसंग दिसू लागले आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठा युद्धही. आईची दृष्टी आता अधू झाली आहे. आपण प्रत्येक चित्र डावीकडून उजवीकडे, आकृतीनिशी सांगत गेलात म्हणून तिलाही ते पाहता आले.

सुरसागर तलावाच्या काठाने आम्ही न्यायमंदिरापाशी आलो. आम्हा बडोदेकरांना ते नाव पत्ता सांगण्यापुरते ठाऊक. पण 1896 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत मुळात भाजीबाजारासाठी योजलेली होती, पुढे तेथे न्यायालय भरू लागले आणि 2018 पर्यंत भरत राहिले, हे आपल्याकडून ऐकल्यावर आई रस्त्यातच हसू लागली. आजोबांनी जागेच्या दाव्यासाठी तेथे घातलेले खेटे तिला आठवले. "घासाघीस तिथेही होतीच," असे ती म्हणाली.

लहेरीपुरा दरवाजातून सरळ मांडवीत गेल्यावर आपण एका जागी उभे राहून चारही दिशांना वळायला लावलेत: पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणी दरवाजा, दक्षिणेला गेंडी. राजधानीचा नकाशा असा पायाखाली उलगडला. तेथून जवळच असलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल आपण जरा अधिक वेळ बोललात, आणि ते योग्यच होते. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, एवढे शाळेत शिकले होते. पण पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन असते ती वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून, हे कारण मला कोणीच सांगितले नव्हते.

आपले सर्वांत मोठे उपकार मला हे वाटतात की, जेथे उभे राहून जे दिसते तेवढेच आपण सांगितलेत. सनावळीची जंत्री ऐकवली असती तर आईने सुरसागरापाशीच इअरफोन काढून ठेवला असता. क्लिप्स आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, ही आपली सूचनाही कामी आली, कारण मांडवीखाली माझ्या फोनचे नेटवर्क गेले होते.

एक लहानशी दुरुस्ती सुचवते. मांडवीच्या अलीकडे आपण खूण म्हणून सांगितलेले बांगड्यांचे दुकान आता तेथे नाही, त्या जागी मोबाइलची कव्हरे विकतात. ते शोधत आम्ही दोनदा त्याच गल्लीत शिरलो. दुसऱ्या खेपेस एका आजींनी विचारपूस करून ओट्यावर बसवले आणि पाणी दिले, तेव्हा तक्रार म्हणून हे घेऊ नये.

आईचा निरोप असा की, खंडेराव मार्केटची क्लिप झाल्यास आधी तिला कळवावे. फुले घ्यायची आहेत, असे निमित्त तिने आतापासूनच शोधून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातील एक रहिवासी