‘आदराने’ हा शब्द तेवढा काढा

महोदय,

अमेरिकन बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. त्याला ब्रुकलिन डॉजर्स या संघात आणणाऱ्या ब्रँच रिकीच्या फोटोखाली मात्र ‘अमेरिकेत ज्यांना आदराने महात्मा म्हणत’ अशी ओळ आहे, तिथे मी अडलो. म्हणत, हे खरं. आदराने, हे फार तर निम्मं खरं.

मीही एकदा असाच फसलो होतो. १९८० च्या दशकात नोकरीनिमित्त सेंट लुईसला होतो. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचे सत्तरी उलटलेले एक गृहस्थ मला बुश स्टेडियमला घेऊन जात. मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल. एकदा कुणा खेळाडूच्या पगाराचा विषय निघाला आणि ते म्हणाले, महात्म्याने याला यातले निम्मेही दिले नसते. गांधीजींचा इथे काय संबंध, असं मी विचारलं. ते इतके हसले की एक पिच, म्हणजे टाकलेला एक चेंडू, नोंदवायची राहून गेली. मग सामना संपेपर्यंत रिकीपुराण चाललं.

हे टोपणनाव टॉम मीनी या क्रीडापत्रकाराचं. जॉन गंथर या अमेरिकन लेखकाने गांधीजींचं वर्णन करताना येशू ख्रिस्त, आपले वडील आणि टॅमनी हॉल यांचं अजब मिश्रण, अशा अर्थाचं काही लिहिलं होतं. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्कची पक्षयंत्रणा, मतं आणि कंत्राटं एकाच खिशात बाळगणारी. ते वाचून मीनीला रिकी आठवला. प्रवचन, वडीलकी आणि सौदेबाजी एकाच माणसात, म्हणून ‘महात्मा’. गांधीजींवर हा अन्याय आहे की नाही हा वेगळा वाद, पण रिकीला तो अंगरखा मापात बसला होता.

लेखात त्याच्या खेळाडूपणाबद्दल अवाक्षर नाही. तो कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आणि सामान्यच. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये, जेमतेम १२० सामने, फलंदाजीची सरासरी .२३९, म्हणजे चारांत एक फटकाही धड नाही. आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी खेळायचा नाही, त्यापायी १९०४ मध्ये सिनसिनाटी रेड्सने त्याला घरी पाठवलं. (पुढे अधिकारी झाल्यावरही तो रविवारी मैदानावर जात नसे, रविवारच्या गल्ल्याचं मात्र त्याला वावडं नाही, असा टोला पत्रकार मारत.) २८ जून १९०७ चा दिवस तर त्याच्या कायम नावावर राहिला. तो तेव्हा न्यूयॉर्क हायलँडर्सकडे होता आणि खांदा दुखावलेला होता. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावेतल्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, १२७ फूट ३ इंच. बसल्या जागेवरून उठून कॅचरला तेवढा थ्रो सपाट मारावा लागतो, नाहीतर धावपटू बेस चोरतो, म्हणजे फटका न बसताच पुढचा बेस गाठतो. वॉशिंग्टनने त्या दिवशी त्याच्यावर १३ बेस चोरले. माझे शेजारी हे सांगताना दुखऱ्या खांद्याने चेंडू फेकल्याचा अभिनय करून दाखवत, आणि चेंडू कुठे पडला ते समोरच्या रांगेकडे बोट करून.

ज्याला स्वतःला जमलं नाही, त्याने दुसऱ्यात काय शोधायचं ते मात्र अचूक हेरलं. मधल्या काळात क्षयातून उठला, मिशिगनमधून वकील झाला आणि सेंट लुईस कार्डिनल्समध्ये आला. क्लब फाटका, चांगला खेळाडू दिसला की श्रीमंत क्लब बोली वाढवून पळवत. तेव्हा रिकीने मायनर लीगचे, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगचे, क्लबच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. कोवळी पोरं स्वस्तात घ्यायची, घडवायची, उत्तम ती ठेवायची, उरलेली विकायची. भरात असताना कार्डिनल्सकडे असे तीसहून जास्त क्लब होते. १९२६ ते १९४२ या काळात चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाअखेरच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिका, जिंकल्या. खेळाडूंच्या विक्रीत रिकीचा स्वतःचाही टक्का असे. १९३८ मध्ये बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिस याने सत्तरहून अधिक खेळाडू या जाळ्यातून मोकळे केले, यावरून काय ते समजा.

आता रॉबिन्सन. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनच्या मॉन्टेग्यू स्ट्रीटवरच्या ऑफिसात तीन तास भेट चालली. रॉबिन्सनला वाटत होतं की कृष्णवर्णीयांच्या एखाद्या नव्या संघाबद्दल बोलणं असेल. रिकीने कोट काढला आणि नाटकच सुरू केलं. कधी खोली नाकारणारा हॉटेलचा कारकून, कधी वेटर, कधी बुटाचे खिळे रोखून घसरत येणारा धावपटू. तोंडात शिव्या, मूठ गालाजवळ. उलट हात न उचलण्याची हिंमत आहे का, हे त्याला पाहायचं होतं. त्याच्या मनात कॉलेजच्या संघातला चार्ल्स थॉमस होता, ज्याला साउथ बेंडच्या हॉटेलने रंगावरून खोली नाकारली होती. ही आठवण रिकी आयुष्यभर सांगत राहिला. मला ती खोटी वाटत नाही. पण मैदानावर नवे प्रेक्षक येतील, हा हिशेबही त्याच डोक्यात होता.

आणि आपल्या लेखातून पूर्ण सुटलेली गोष्ट म्हणजे रिकीने निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या, क्लबना पैसा दिला नाही. रॉबिन्सनला ३,५०० डॉलर बोनस आणि महिना ६०० डॉलर कबूल केले; ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे तो खेळत होता त्यांना शून्य. लेखी करार नाही आणि या लीग म्हणजे धंदेबाजी, असं म्हणून रिकी मोकळा झाला. डॉन न्यूकम हा खेळाडू डॉजर्सकडे गेला तेव्हा नेवार्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांच्या हातीही काही पडलं नाही. त्यांनी उघड तक्रार केली. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडचा मालक बिल व्हेक याने लॅरी डोबी या खेळाडूसाठी त्याच ईगल्सना १५,००० डॉलर दिले. म्हणजे देणं अशक्य नव्हतं.

तरी हा माणूस मला सोडवत नाही. १९४७ मध्येच त्याने अ‍ॅलन रॉथ नावाचा आकडेतज्ज्ञ पगारावर ठेवला, फलंदाजीच्या सरासरीऐवजी फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो ते प्रमाण मोजायला लावलं. पिट्सबर्गच्या क्लबकडे गेल्यावर खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि डॉजर्सच्याच गोटातून ४,००० डॉलरमध्ये रॉबर्टो क्लेमेंटे हा खेळाडू उचलला. कंजूषी तिथेही सुटली नाही. सलग सात मोसम होमरनमध्ये, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर मारण्यात, अव्वल असलेल्या राल्फ काइनरने पगारवाढ मागितली, तेव्हा रिकी म्हणाला म्हणे, तू होतास तेव्हा आपण शेवटचे आलो, तू नसशील तरी शेवटचेच येऊ. १९५२ मध्ये पिट्सबर्गने ११२ सामने गमावले होते, त्यामुळे बोलणं बिनतोड.

लेखात त्याला डॉजर्सचा ‘मालक’ म्हटलंय, तेही सैल आहे. तो अध्यक्ष होता आणि त्याचा हिस्सा चौथाई. १९५० मध्ये तो विकून तो बाहेर पडला.

तेव्हा फोटोखालच्या ओळीतून ‘आदराने’ एवढा शब्द काढावा. ‘महात्मा’ राहू द्या, अवतरणचिन्हांत.

आपला,
एक जुना वाचक