लेकीस पत्र: विमानात बाळगायचा रेडिओ कोणता घ्यावा

नाशिक,
दि. ९ नोव्हेंबर

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली हातात धरायच्या तिन्ही रेडिओ सेटांची (आयकॉम ए२५एन, यासू एफटीए-५५० आणि स्पोर्टीज पीजे२) माहिती मी काल रात्री ओळीओळीने वाचून काढली. यांतला कोणता घेऊ, एवढाच तुझा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर देण्याआधी मला मागच्या महिन्यातल्या त्या परतीच्या प्रवासाकडे पुन्हा वळावेसे वाटते, ज्यात कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेहून पालो आल्टोला येताना तुझ्या सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पॅनेलवर ‘लो व्होल्ट्स’चा, म्हणजे वीज कमी पडत असल्याचा, लाल दिवा लागला होता. फोनवर तू ते अगदी सहज सांगितलेस, आणि आईला घोर लागू नये म्हणून तसे सांगितलेस, हेही मला समजले. हा रेडिओ घ्यायचा तो अशाच वेळेसाठी. तेव्हा त्याची निवडही त्या वेळी तुझे हात आणि तुझे कान काय करू शकतील, हे पाहूनच झाली पाहिजे.

विमानाला वीज पुरवणारा अल्टरनेटर गेला तरी इंजिन थांबत नाही, कारण ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर आपली वीज आपण तयार करतात. विमान उडत राहते. हळूहळू विझतात ते रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र), दिवे आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा). बॅटरी धडधाकट असेल तर अर्धा तास मिळेल असे साधारणपणे धरतात, पण भाड्याच्या विमानातली बॅटरी किती उन्हाळे-पावसाळे पाहिलेली आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तू नको ती उपकरणे ताबडतोब बंद केलीस, हे फार चांगले केलेस. त्यात एका गोष्टीची भर घाल. पॅनेलचा रेडिओ ऐकताना थोडीच वीज घेतो आणि बोलताना तिच्या कित्येक पट घेतो, म्हणून अशा वेळी ऐकावे भरपूर आणि बोलावे मोजके.

रेडिओ पूर्ण गेला तर काय करायचे हे तुला शिकवलेलेच आहे: ट्रान्सपॉन्डर जिवंत असेल तर त्यावर ७६०० (रेडिओ गेल्याचा सांकेतिक आकडा), टॉवर नजरेसमोर ठेवून सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीत) येणे आणि टॉवरवरून येणाऱ्या दिव्याकडे लक्ष ठेवणे. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नकोस. तो दिवा दुपारच्या उन्हात किती फिका दिसतो, हे मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणूनच हातातला रेडिओ असावा असे माझे ठाम मत आहे.

हे मत कुठून आले ते तुला आजवर मी कधी सांगितलेले नाही. वायुदलात रेडिओ फिटर म्हणून मी २४ वर्षे काढली. त्यांतल्या एका ठिकाणी, एका सकाळी टॉवरची वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. वर दोन शिकाऊ वैमानिक एकेकटे सर्किटमध्ये होते. राखीव म्हणून चार्जरच्या खोबणीत ठेवलेला सेट मी स्वतः उचलला आणि खटका फिरवला. टक् असा आवाज झाला आणि त्यापुढे काहीही झाले नाही. तो सेट महिनोन् महिने त्या खोबणीत बसलेला होता, त्याच्यासमोरचा छोटा हिरवा दिवा रोज लागलेला दिसत होता, आणि त्यावरून आम्ही सगळे त्याला भरलेला समजत होतो. नंतर बॅटरी उघडली तेव्हा सेलांच्या टोकांना पांढरी-निळसर भुकटी धरलेली होती आणि दोन सेलांना जोडणारी पत्र्याची पट्टी खाऊन निघून आली होती. नियंत्रकाने सिग्नलचा दिवा घेऊन हिरवा झोत दाखवला आणि दोन्ही मुले नीट उतरली. पण त्या सेटच्या नोंदवहीत दर सोमवारी ‘ठीक’ असे लिहिलेले होते, आणि त्यांपैकी कित्येक नोंदींखाली सही माझी होती. दिवा पाहून मी सही केली होती, सेट कानाला लावून केली नव्हती. ही खंत मला आजही आहे.

त्यामुळे सेट पाहताना मी आधी बॅटरीचा डबा पाहतो. आयकॉमच्या ए२५एनची लिथियम-आयन बॅटरी २३५० मिलिअँपिअर-तासांची आहे. ती उत्तमच आहे आणि दिवसभराच्या कामाला पुरेशी आहे. परंतु तुझा सेट दिवसभर काम करणार नाही. तो तीन-तीन महिने पिशवीत पडून राहील, मधेच एखाद्या रविवारी तू घरी बसून एटिस (विमानतळाची हवामानाची आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती) ऐकशील, चार्ज करायचे राहून जाईल, आणि गरज पडेल त्या दिवशी तो अर्धाच भरलेला निघेल. म्हणून ज्या सेटात साधे डबल ए सेल घालता येतात, तो मला अशा कामासाठी अधिक भरवशाचा वाटतो. आयकॉमला सेलांचा वेगळा डबा मिळतो, यासूच्या एफटीए-५५०लाही मिळतो, आणि स्पोर्टीजचा पीजे२ तर मुळात डबल ए सेलांवरच चालतो. मात्र त्यात अल्कलाइन सेल घालून विसरून जाऊ नकोस, ते पाझरतात आणि मी वर लिहिलेली भुकटी धरते. लिथियमचे डबल ए सेल थोडे महाग पडतात, पण वर्षानुवर्षे टिकतात आणि सहसा पाझरत नाहीत. एक संच सेटात आणि एक न फोडलेले पाकीट त्याच कप्प्यात ठेव. उन्हात बांधलेल्या विमानात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर सेट कधीही सोडू नकोस.

आता कानांविषयी. इंजिन चालू असलेल्या सेसनामध्ये हातातल्या सेटचा इवलासा स्पीकर ऐकू येईल, हा विचारच सोडून दे, येत नाही. हेडसेट सेटला जोडावाच लागतो, आणि बहुतेक सेटांना तो सरळ लागत नाही. त्यासाठी एका बाजूला बारीक पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोके असलेली जोडवायर लागते. ती वायर पिशवीच्या तळाशी गुंडाळलेली असते, एका हाताने विमान सरळ ठेवत दुसऱ्या हाताने ती शोधायची, सेटला लावायची, मग पॅनेलमधून हेडसेटचे जाड आणि बारीक असे दोन्ही प्लग उपटून तिच्यात घालायचे, हे सगळे करायचे. तू घरी खुर्चीवर बस, डावा हात टेबलावर ठेव, डोळे समोरच्या खिडकीवर ठेव आणि उजव्या हाताने एवढे करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पीजे२मध्ये ही दोन्ही भोके सेटच्या अंगावरच आहेत, जोडवायरीची भानगड नाही. तुझ्या यादीतल्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा मला हा एक गुण मोठा वाटतो.

तुझा हेडसेट दोन प्लगांचा आहे, की पॅनेलमधून वीज घेणाऱ्या गोल सहा पिनी प्लगचा, हे मला कळव. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो यांतल्या कुठल्याही सेटात तसाच जाणार नाही. आणखी एक गोष्ट ऐन वेळी गोंधळात टाकते: स्टीअरिंगवरचे बोलण्याचे बटण पॅनेलच्या रेडिओला जोडलेले असते, ते दाबून हातातला सेट बोलणार नाही. सेटच्या अंगावरचेच बटण दाबावे लागेल, म्हणून सेट मांडीवर किंवा दोन सीटांच्या मध्ये असा ठेव की अंगठा न पाहता बटणावर जाईल.

अँटेनाविषयी मला तुझ्याशी तासभर बोलता येईल. १२१.५ मेगाहर्ट्झची, म्हणजे संकटकाळच्या फ्रिक्वेन्सीची, लहर जवळजवळ अडीच मीटर लांब असते, म्हणजे तिच्या पाव लांबीची नीट अँटेना ६० सेंटिमीटरच्या वर भरेल. सेटबरोबर मिळणारी रबरी अँटेना तिच्या निम्म्याहूनही आखूड असते, आणि त्यातून ती पत्र्याच्या डब्यात बसून काम करणार असते. विमानाच्या बाहेरच्या अँटेनेला सेट जोडता आला, तर तोच सेट ओळखू येणार नाही इतका सुधारतो. आयकॉमला आणि पीजे२ला त्यासाठी बीएनसी जोड (अँटेना फिरवून अडकवायचा जोड) आहे. विमान क्लबचे असल्यामुळे तुला स्वतःला काही बसवता येणार नाही, पण क्लबच्या कुठल्या विमानात हातातल्या सेटसाठी बाहेरच्या अँटेनेचे सॉकेट काढलेले आहे का, हे विचारून ठेव. नसेल तर सेट खिडकीच्या काचेजवळ उभा धर. आडवा नको, कारण टॉवरची अँटेना उभी असते. टॉवर ज्या बाजूला असेल ती खिडकी त्याच्याकडे येईल असे विमान वळवून मगच बोल.

पाच वॅट आणि सहा वॅट यांतल्या फरकापायी पैसे घालवू नकोस. हे आकडे आवाजाच्या शिखरावरचे असतात. नुसती वाहक लहर, म्हणजे बटण दाबून काहीच न बोलता निघणारी लहर, दीड-पावणेदोन वॅटच असते. शक्ती चौपट केली तेव्हा कुठे पल्ला दुप्पट होतो, म्हणजे पाचाचे सहा केल्याने पल्ला दहा टक्केही वाढत नाही. पल्ला ठरतो तो उंचीवरून. फुटांतल्या उंचीचे वर्गमूळ काढून १.२३ने गुणले की रेडिओचे क्षितिज नॉटिकल मैलांत मिळते. २५०० फुटांवर ते ६१ मैल येते. पालो आल्टोच्या टॉवरशी तुला दहा मैलांवरून बोलायचे आहे. अँटेनेला खिडकी मिळाली तर तेवढ्याला दीड वॅट पुरतात. आणि बोलताना कर्कश शिट्टी आली तर सेट बिघडला असे समजू नकोस. विमानांचे बोलणे अजूनही एएमवर चालते, त्यामुळे दोघे एकदम बोलले की शिट्टी वाजते आणि कुणीतरी कुणावर बोलले आहे हे सगळ्यांना कळते. एफएममध्ये दुबळा आवाज गुपचूप दबून गेला असता.

व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रांवरून दिशा दाखवणारी सोय), जीपीएस आणि ब्लूटूथ यांवर तुझा जीव बसलेला दिसतो. जीपीएस तुझ्या टॅबमध्ये आहे, आणि त्याला स्वतःची बॅटरी आहे. व्हीओआरची केंद्रे एफएए (अमेरिकेचे विमान-वाहतूक खाते) हळूहळू कमी करत आहे, आणि रबरी अँटेनेवर त्यांचा काटा स्थिर मिळणेही कठीण. ब्लूटूथ म्हणजे जुळणी करण्याची आणखी एक पायरी. पुढे तू इन्स्ट्रुमेंट रेटिंग घेतलेस, ढगांत जाऊ लागलीस, तर ए२५एनचा विचार आपण पुन्हा करू. तो सेट मजबूत आहे, पाणी सोसतो, त्याचा पडदा उन्हात वाचता येतो. आज मात्र माझे मत पीजे२ला आहे. तो साधारण निम्म्या किमतीत मिळेल, आणि वाचलेल्या पैशांत सेल, चांगली पिशवी आणि इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास एवढे सगळे बसेल. युरोपात जाऊन उडायचे झाले तर तिथे ८.३३ किलोहर्ट्झच्या अंतरावरचे चॅनेल चालतात, तेवढे घेताना पाहून घे.

नियमाची बाजू थोडक्यात सांगतो. ऐकायला अमेरिकेत कुणाची आडकाठी नाही, पण विमानाबाहेर, घरून किंवा मैदानातून बोलण्यासाठी वेगळा परवाना लागतो. तेव्हा सराव म्हणूनही घरी बटण दाबू नकोस. दिवाळीला येताना सेट बरोबर आणू नकोस, कारण इथे वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. प्रवासात सुटे लिथियम सेल केबिनच्या सामानात ठेवायचे, हे तुला माहीत आहेच.

सेट आला की पहिल्याच दिवशी पालो आल्टोचा टॉवर ११८.६, एटिस आणि तू नेहमी जातेस त्या विमानतळांच्या फ्रिक्वेन्सी त्याच्या स्मृतीत भरून टाक, आणि १२१.५चे बटण कुठे आहे ते बोटाने ओळखायला शीक. मग एखाद्या शनिवारी विमानतळाजवळच्या बेलँड्सच्या काठाला बस, हेडसेट लाव आणि तासभर टॉवर ऐक. त्यानंतर इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन वर जा, विमान त्यांच्या हाती दे, पॅनेलमधून प्लग काढून सेटात घाल आणि टॉवरकडे रेडिओ चेक माग. किती सेकंद लागले ते इन्स्ट्रक्टरना मोजायला सांग. पुढे दर महिन्याच्या पहिल्या उड्डाणाआधी सेट सुरू करून त्यावर एटिस ऐकायचा, आणि ऐकल्यावरच तुझ्या वहीत तारीख घालायची.

पाच मैलांवरून टॉवरने तुला कसे ऐकले, खिडकी कोणत्या बाजूला होती आणि उंची किती होती, हे मला सविस्तर लिही. आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा