नुसती गादीची भांडणे नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिया-सुन्नी वादाचा विषय निघाला की आपल्याकडे 'पैगंबरांच्या गादीवरून झालेली भाऊबंदकी' एवढे म्हणून तो उरकला जातो. इतिहास शिकवताना मीही मुलांना वर्षानुवर्षे हेच लिहून दिले. त्याची रुखरुख आहे, म्हणून हे पत्र.

६३२ साली मदिनेत पैगंबर वारले. दफनही झाले नव्हते, तोच अन्सार, म्हणजे पैगंबरांना साथ देणारे मदिनेचे रहिवासी, बनू साइदा या कुळाच्या मांडवात जमले. 'एक अमीर (नेता) आमचा, एक तुमचा,' असे ते मक्केहून आलेल्यांना म्हणाले. शेवटी पैगंबरांचे सासरे आणि निकटचे साथी अबू बक्र यांच्या हातावर हात ठेवून लोकांनी निष्ठा वाहिली. पैगंबरांचे जावई अली यांना मानणाऱ्यांची, म्हणजे शियांची, पुढे अशी श्रद्धा झाली की इमाम, म्हणजे मुस्लिम समाजाचा प्रमुख, लोकांनी निवडायचा नसतो, तो ईश्वरी आज्ञेने नेमलेला असतो. आपली गोष्ट इथेच संपते. खरा वाद मात्र इथून पुढे आहे.

६५७ साली सिफ्फीनच्या लढाईत, तेव्हा खलिफा असलेल्या अलींविरुद्ध उभे ठाकलेले सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्या सैन्याने भाल्यांच्या टोकांना कुराण बांधून उंच धरले. अलींनी लवाद मान्य केला. तेव्हा त्यांच्याच फौजेतले काही जण 'निवाडा फक्त अल्लाहचा' म्हणत बाहेर पडले, तेच खारिजी. इमाम पैगंबरांच्या कुरैश कुळातलाच हवा, हे त्यांनी साफ नाकारले. सदाचरणी असेल तर हबशी गुलामही चालेल, पण पाप केले तर त्याला पायउतार केलेच पाहिजे! सातव्या शतकातले हे धाडस मला थोर वाटते. पण पापी माणसाला थेट धर्माबाहेर काढणारेही हेच, आणि ६६१ मध्ये कुफ्यात अलींवर विषारी तलवार चालवणाराही खारिजीच होता. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायला हव्यात.

मुर्जिया या पंथाने मात्र पाप्याचा निवाडा देवावर सोपवला. झैदी या शिया शाखेतल्या अनेकांच्या मते श्रेष्ठ माणूस हयात असतानाही त्याच्याहून उणा माणूस इमाम होऊ शकतो. म्हणजे अलींना श्रेष्ठ मानूनही अबू बक्र यांना मान देता येतो. आणि बसऱ्याचे मुअ्तझिली, म्हणजे बुद्धिवादी पंथाचे, पंडित अल-असम तर म्हणत, लोक आपसांत न्यायाने वागले तर इमामाची गरजच नाही.

हे सारे आपल्यापासून दूरचेही नाही. खोजा हा मुस्लिम व्यापारी समाज नेमका कोणत्या पंथाचा आणि इस्माइली शियांचे इमाम आगाखान यांचा त्याच्यावर अधिकार काय, याचा निकाल १८६६ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी दिला. त्यासाठी त्यांना इमामतीचा थेट सातव्या शतकापासूनचा इतिहास तपासावा लागला. या खटल्यावर आणि त्यामागच्या मतभेदांवर आपण सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, पुणे