होडी येण्याआधी यादी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यात विश्वामित्रीचा विषय निघतो. नदी किती खोल केली, गाळ कुठे टाकला, काठावरची बांधकामं हटली का, आजवा तलावाच्या बासष्ट दरवाज्यांतून पाणी कधी सोडणार, यावर घराघरांत बोलणं चालतं. ते चालायलाच हवं. पण एक गोष्ट या बोलण्यात कधी येत नाही, आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. पाणी चढतं तेव्हा ज्यांना जिना चढता येत नाही, अशी माणसं कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात आहेत, हे आपल्या शहरात कुणाकडे लिहिलेलं आहे का?

मी निवृत्त परिचारिका आहे. माहेर दांडिया बाजारातलं, राहते समा भागात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीला धो धो पाऊस झाला आणि त्यानंतर नदीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. पुढे ती ३५ फुटांच्याही वर गेली. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. वर पाऊस झाला की आजवा भरतं, आणि ते पाणी शहरात उतरायला वेळ लागतो. म्हणून इथे पाऊस थांबलेला असतो, आभाळ उघडलेलं असतं, आणि पाणी मात्र चढत राहतं. २०१९ मध्ये एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हा निदान पाऊस डोळ्यांसमोर होता. २०२४ मध्ये मात्र अनेक घरांत लोक झोपेत असताना पाणी आलं.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक गुजराती कुटुंब राहतं. त्यांच्या बांना, म्हणजे म्हाताऱ्या आईला, पक्षाघात झालेला, उजवी बाजू पूर्ण गेलेली. वीज गेलेली होती आणि पाणी पलंगाच्या पायाशी पोचलं होतं. वरच्या मजल्यांवरची मुलं खाली धावली. बांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, साडीनं खुर्चीला बांधलं आणि चौघांनी मिळून खुर्ची जिन्यावरून वर नेली. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली तेव्हा बांनी डोळे मिटून घेतले आणि एका मुलाचा शर्ट घट्ट धरला. तो शर्ट त्यांनी वर पोचल्यावरही बराच वेळ सोडला नाही. त्या मुलांपैकी एकाचा आणि बांच्या मुलाचा गाडी लावण्याच्या जागेवरून कित्येक महिने अबोला होता.

असे प्रसंग त्या दिवसांत शहरभर घडले. आपले लोक चांगले आहेत, यात मला तिळमात्र शंका नाही. लष्कराचे जवान आले, आपल्या जिल्ह्यातच जरोदला तळ असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी तुकडी पाण्यात उतरली, वन खात्याची माणसं आणि प्राणिमित्र मुलं अंगणात शिरलेल्या मगरी पकडून नेत होती. २०१९ च्या पुरात एका पोलीस उपनिरीक्षकानं तान्ह्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, तो टब डोक्यावर धरून, गळ्याइतक्या पाण्यातून नेलं होतं. ते छायाचित्र आठवलं की आजही माझे डोळे भरतात.

पण त्याच दिवसांत, आमच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे, एक वयस्कर गृहस्थ घरात एकटे अडकलेले होते. पत्नी वारलेली, मुलगी परदेशी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शेजारचं घर बंद होतं, समोरचे नुकतेच बदली होऊन आलेले. ते गृहस्थ अडकले आहेत हे फक्त त्यांना पोळीभाजीचा डबा देणाऱ्या ताईंना सुचलं. त्या स्वतः पाण्यात होत्या. त्यांनी ओळखीच्या ओळखीतून माझा नंबर मिळवला आणि एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, काकांची डायलिसिसची पाळी चुकली आहे." ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांची पाळी चुकली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता, दमलेला होता. त्यानं पत्ता विचारला, किती जण आहेत विचारलं. तिथे कोण आजारी आहे, कुणाला आधी हलवायला हवं, हे लिहायला त्याच्यासमोरच्या कागदावर रकानाच नव्हता. त्याच्या लेखी ते घर म्हणजे 'एक व्यक्ती' होतं, आणि यादीत त्याआधी बारा-बारा माणसांची घरं होती. शेवटी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनं काकांना बाहेर काढलं. ते वाचले. डबेवाल्या ताईंना सुचलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माणुसकी ओळखीच्या वाटेनं जाते. ज्याचं गोत मोठं, ज्याच्या दारात चार माणसांची ये-जा, त्याच्याकडे ती लगेच पोचते. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्यापर्यंत पोचणं हे सार्वजनिक सेवेचं काम आहे. तिथे शेजाऱ्याच्या चांगुलपणावर भिस्त ठेवणं हा त्या शेजाऱ्यावरही अन्याय आहे.

कायदा नाही, यंत्रणा नाही, असं म्हणायलाही जागा नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातनं आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळं प्राधिकरण उभं केलं, २००३ मध्ये कायदा केला; देशाचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. म्हणजे या बाबतीत आपण मागे नव्हतो. वरचे मजले बांधून झालेत, पायरी राहिली आहे ती गल्लीतली. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले, आणि २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं. मृत्यूंचा आकडा काही डझनांवर थांबला. केरळात तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे नेमानं जाणारे स्वयंसेवक वस्तीवस्तीत आहेत. पूर असो नसो, कोणत्या घरात कोण पडून आहे हे तिथे कुणाला तरी ठाऊक असतं.

आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. आशा कार्यकर्त्या वस्त्यांमधून फिरतात, गरोदर बायांच्या आणि लहान बाळांच्या नोंदी त्यांच्याकडे असतातच. त्याच वहीत आणखी काही रकाने हवेत: अंथरुणाला कोण खिळलं आहे, डायलिसिस कुणाचं चालू आहे, घरात ऑक्सिजनचं यंत्र कुणाकडे आहे, एकटं कोण राहतं, किल्ली कुणाकडे असते. मात्र हे वाढीव काम फुकट करून घेऊ नये. या बायकांना आधीच राबवून घेतलं जातं.

अशी यादी चुकीच्या हाती पडली तर चोरांना एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते आयते मिळतील, असं माझ्या एका मैत्रिणीनं बोलून दाखवलं. तिची भीती खोटी नाही. म्हणून यादी सोसायटीच्या फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नको. ती आरोग्य केंद्रात कुलपात राहावी आणि पाणी चढायला लागलं की बचाव पथकाच्या हाती जावी.

दुसरं असं की, काळाघोडा पुलापाशी नदी किती फुटांवर आहे हा संदेश मोबाइलवर येतो, पण तेवढ्या फुटांना माझ्या दारात पाणी येणार की नाही, हे त्यातून कळत नाही. जुन्या माणसांना ते अनुभवानं कळतं; नव्यानं राहायला आलेल्यांना, भाडेकरूंना, वसतिगृहातल्या मुलांना कसं कळावं? २०२४ मध्ये कुठे कुठपर्यंत पाणी होतं याच्या खुणा लोकांच्या भिंतींवर अजून आहेत. त्या पुसल्या जाण्याआधी गल्लीतल्या खांबांवर रंगानं पट्टे ओढावेत आणि शेजारी नदीची त्या वेळची पातळी लिहावी.

जाता जाता परिचारिका म्हणून एक सांगते, कारण त्या दिवसांत मला सर्वांत जास्त फोन याच गोष्टीसाठी आले. वीज गेली, फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन फेकून देऊ नका. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर खोलीतल्या तापमानालाही टिकते, फक्त ऊन आणि उकाडा नको. बंद डबीत घालून ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या आडोशाला ठेवा. आणि पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस वेळीच ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

आम्ही काही निवृत्त परिचारिकांनी आमच्या गल्ल्यांपुरती अशी वही लिहायला घेतली आहे. लोक दार उघडतात, बसवतात, सांगतात; काही जण नाही म्हणतात, त्यांना आग्रह करत नाही. पण आमच्या घरातल्या कपाटात पडून राहिली तर या वहीचा उपयोग नाही. ती घेऊन मी दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडे 'आमच्याकडे अशी नोंद घेण्याची सोय नाही' असं उत्तर मिळालं. आपल्या वृत्तपत्रातून हा प्रश्न संबंधितांपर्यंत पोचावा, म्हणून विचारते: पूर येण्याआधी ही वही बडोद्यात नेमकी कोणाच्या हाती द्यायची? तो अधिकारी कोण आणि तो कुठे बसतो, एवढं पावसाळ्याआधी जाहीर व्हावं.

कळावे,

आपली एक वाचक,
निवृत्त परिचारिका, समा, बडोदा