डोळ्यापुढचे कडे आणि काही अनोळखी हात

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या उजव्या डोळ्यापुढे एक करडे कडे तरंगू लागले. वर्तमानपत्राच्या ओळींवरून ते असे सरकत असे की माशी समजून मी कितीदा तरी हात हलवला. डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ मागच्या पडद्यापासून सुटला की असे कडे उरते, हे ज्या तरुण डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावले, त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले. हे कडे लेसरने फोडायचे ठरले. मूळ भिंगच नसल्याने लेसरमुळे त्याला इजा होण्याचा प्रश्न उरत नाही, मात्र कृत्रिम भिंगावर बारीक खड्डा पडू शकतो आणि डाग पूर्ण जाईलच असे नाही, हेही त्यांनी लपवले नाही. त्या स्पष्टपणाचे मोल मला अधिक वाटते.

याग नावाच्या त्या लेसरच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलो असता, प्रत्येक 'टक्' आवाजाला दचकणारे माझे डोके मागून स्थिर धरणाऱ्या मावशींचा मी ऋणी आहे. 'काका, बुडबुड्यांचे काळे ठिपके दिसतील, घाबरू नका,' असे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि ते दिसलेही.

बाहुल्या विस्फारलेल्या अवस्थेत भर उन्हात रस्ता ओलांडून देणाऱ्या, थेंबांची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आणि रिक्षावाल्याला पत्ता नीट समजावणाऱ्या त्या अनोळखी मुलाचेही मनःपूर्वक आभार. कडे आता तुटून फिकट झाले आहे.