झोळी काढून ठेव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी वेळेत मिळाली. खंबाटकीचा घाट संपल्यावर डोळा लागला तो साताऱ्याच्या स्टँडवरच उघडला. तिथून कोरेगावला पोचायला अंधार पडला. बाबांचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. काळा चष्मा लावून ओसरीत बसतात आणि तासातासाला विचारतात, "बारक्या झोपला असेल का गं आता?" तू काळजी करू नकोस म्हणून मी लिहायला बसले होते, पण काळजीचंच लिहिणार हे मला माहीत आहे.

परवा चार वाजता फोन केला तेव्हा तू उचललास आणि तसाच बाजूला ठेवलास. मला सगळं ऐकू आलं. बाळ टाहो फोडत होतं. तू म्हणालीस, "किती वेळा सांगू चिनू, झोपलं होतं ना बाळ!" त्यानंतर चिनूचा काहीच आवाज आला नाही. ती पोर एरवी दम दिला तर उलट बोलते किंवा भोकाड पसरते. ती गप्प झाली हे मला त्या रडण्यापेक्षा जास्त लागलं. रात्री तुला विचारलं तर म्हणालीस, तिने झोळीला जोरात झोका दिला. तेव्हा मी म्हटलं, झोळी काढून टाक. तू म्हणालीस, "आई, तेवढ्या एकाच जागी तो झोपतो गं." खरं आहे. गादीवर दहा मिनिटं, झोळीत पाऊण तास. मीच बांधून दिली, मीच तुला सवय लावून आले. फोनवर नीट बोलता येत नाही, माझा गळा दाटतो, म्हणून लिहितेय. पिंट्या रविवारी तिकडूनच जाणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देते.

आधी एक सांगू? तू छान करते आहेस. दीड महिना मी तुझ्याजवळ राहिले, रात्री तीनला उठून तू पाजायला बसायचीस, एकदासुद्धा कपाळाला आठी नाही. जावईबापूंची रजा संपल्यावर दिवसभर दोघांना एकटीने सांभाळायचं, तेही चौथ्या मजल्यावर, खाली अंगण नाही की शेजारची काकू नाही. आमच्या वेळी एका बाळंतिणीभोवती चार बायका असायच्या. मी ओट्यापाशी उभी राहून तुझ्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, ही माझीच का पोरगी.

आता झोपेचं. तीस वर्षं अंगणवाडीत काढली, बाळंतिणींच्या घरी जाऊन हेच सांगत आले, म्हणून तुला सांगायचा हक्क आहे असं समजते. इतकं लहान बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत. त्याला दिवस-रात्र कळायला अजून महिना-दीड महिना जाईल. म्हणून दिवसा पडदे ओढू नकोस. उजेड असू दे, पंखा असू दे, कुकरची शिट्टी होऊ दे. पोटात होता तेव्हा चिनूचा सगळा दंगा त्याने ऐकलेलाच आहे. घरभर शांतता पाळली की एवढ्याशा चमच्याने दचकतो, आणि मग चमचा पाडणारी चिनू गुन्हेगार ठरते. तिला नेहमीच्या आवाजात खेळू दे. फक्त त्याच्या कानाशी ओरडू नये, एवढंच सांग.

जागा झाल्यापासून तास-सव्वा तासात तो परत पेंगतो. जांभई येईपर्यंत थांबू नकोस. आधी एकटक कुठेतरी बघायला लागतो, भुवया लालसर होतात, मुठी आवळतो. तेव्हाच दुपट्यात गुंडाळ आणि घे. तो क्षण चुकला की मग रडून रडून दमतो आणि तुलाही दमवतो. झोपेत कुंथतो, तोंड वाकडं करतो, हात हलवतो, तेव्हा लगेच उचलू नकोस. त्यांची निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते. मिनिटभर नुसती बघ, पुष्कळदा आपोआप परत लागतो.

आणि झोळी नको, सोनू. मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते, एवढ्या लहान जिवाला श्वास घ्यायला अडचण होते. सपाट, घट्ट गादी, पाठीवर, तोंडाजवळ काही नाही. मी शिवून आणलेली मोहरीची उशीही काढून ठेव. हे सगळं मी शंभर घरांत सांगितलं आणि स्वतःच्या नातवासाठी हौसेने आजीचं लुगडं घेऊन आले. मऊ आहे, धुऊन धुऊन रेशमासारखं झालंय, त्याला आजीचा वास येतो असं मला वाटतं. पण जुनं कापड आहे, कधी टरकेल सांगता येत नाही. मला तेव्हा सुचलं नाही. तू दमलेली, बाळ झोपत नव्हतं, आणि मला तुला एक तासाची झोप द्यायची होती.

गादीवर ठेवताना आपण घाई करतो. पाय टेकव, मग कुल्ले, डोकं सगळ्यात शेवटी. वरून हात लगेच काढू नकोस, छातीवर तळवा तसाच ठेव, वजन न देता. त्याचा श्वास तुझ्या हाताखाली सावकाश झाला की एकेक बोट उचल. पहिले चार दिवस उठेल, रडेल. दीड महिन्याच्या आसपास रडणं सगळ्यात जास्त असतं, पुढे उतरत जातं. ते तुझ्या हातून काही चुकल्यामुळे नसतं.

बघ, सभेत बोलल्यासारखी बोलायला लागले. राग मानू नकोस. तुला पुस्तकातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि रात्रंदिवस तूच जागते आहेस, मी इथे ओसरीत बसून शहाणपण सांगतेय.

खरं कारण वेगळं आहे. आपल्या घरात दर दिवाळीला एक गोष्ट निघते. पिंट्याच्या भुवईवरची खूण कुणीतरी दाखवतं आणि म्हणतं, "ताईने पाडलं होतं." सगळे हसतात, तूही हसतेस. ती गोष्ट खोटी आहे. मी तीस वर्षं ती तशीच सांगू दिली.

1995 साल होतं. पिंट्या तीन महिन्यांचा, तू चार वर्षांची व्हायची होतीस. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. आजी शेतावर, बाबा ड्यूटीवर. मी त्याला झोळीत घातलं, ह्याच लुगड्याच्या, तुझ्या हातात दोरी दिली आणि म्हटलं, "रडला तर हलव, मी आलेच." दोन हंडे भरून होतात न होतात तोवर आवाज आला. तो रडला होता, तू हलवलंस, तो आणखी रडला, तू आणखी जोरात हलवलंस. तुला जे सांगितलं तेच तू केलंस. झोळीची काठी एका बाजूने निसटली आणि तो जात्याच्या कडेवर पडला. मी धावत आले, त्याला उचललं आणि ओल्या हाताने तुझ्या थोबाडीत मारली. पाच बोटं उठली होती गालावर. तू रडली नाहीस. दोरी अजून तुझ्या मुठीत होती.

त्याला दोन टाके पडले. दवाखान्यातून आलो तर तू तुझं स्वतःचं पांघरूण, ते निळं, जिथे तो पडला त्या जागेवर अंथरून ठेवलं होतंस. जात्याभोवती नीट गुंडाळलं होतंस. त्यानंतर कितीतरी दिवस तू त्याच्याजवळ गेली नाहीस. दारात उभी राहायचीस आणि विचारायचीस, "मी आत येऊ का?" स्वतःच्या घरात.

चार वर्षांच्या पोरीला राखण बसवली ती मी. दोरी दिली ती मी. बायकांनी विचारलं तेव्हा "ताईने पाडलं" हे पहिल्यांदा कोण म्हणालं, तेही मीच. सासरच्या माणसांसमोर माझं नाव नको म्हणून. नंतर ती गंमत झाली आणि मला तोंड उघडता आलं नाही. परवा फोनमध्ये चिनू गप्प झाली आणि मला ती दोरी दिसली. मला माफ कर. ह्या दिवाळीला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. पिंट्याला आजच सांगितलं, तो काही बोलला नाही, नुसता भुवईवरून हात फिरवत राहिला.

म्हणून चिनूला बाळाची राखण देऊ नकोस. "बघ गं जरा" असंसुद्धा नको. पातेलं उतू जात असेल तर जाऊ दे, बाळ उचलून बरोबर घे नाहीतर तिला बरोबर घे. तिला काम हवं असतं हे मला दिसलं, तू दुपटी वाळत घालायचीस तेव्हा चिमटे द्यायला कशी पळत यायची. तेवढंच दे. दुपटं आणून देणं, झोपायच्या आधी त्याच्या पायावर हात फिरवून "झोप हं" म्हणणं. तू पाजायला बसलीस की तिला तुझ्याशी काहीतरी हवंच असतं, म्हणून एक डबा वेगळा ठेव, माझ्या जुन्या बांगड्या, रिकाम्या डब्या, कपड्याचे चिमटे, आणि तो फक्त पाजतानाच उघडायचा. बाळ झोपल्यावर पहिली दहा मिनिटं भांड्यांना देऊ नकोस, तिला दे. मांडीवर घे. बाळ झोपलं की आई मिळते हे तिला कळलं, तर ती स्वतःच त्याला झोपू देईल.

दुपारी दीडला तिला वरणभात भरवून आडवी कर आणि त्याचं पाजणं त्याच वेळेला येईल असं बघ. दोघं एकाच वेळी रोज झोपणार नाहीत, आठवड्यातून तीनदा झोपले तरी तू पाठ टेकशील. पण त्याला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपू नकोस. मी तुला दोनदा तसं पाहिलं, मान टाकलेली, हात सैल पडलेला. तेव्हा बोलले नाही, हळूच उचलून घेतलं. आता तिथे उचलायला कुणी नाही. झोप अनावर झाली तर त्याला आधी त्याच्या गादीवर ठेव, मग तू. रडला तरी चालेल.

शनिवारी दीड महिन्याची लस आहे ना? त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो, चिडचिड करेल, झोपेचं सगळं वेळापत्रक विसर. तापाचं औषध किती द्यायचं ते लस देतानाच विचारून ठेव. चिनूला बरोबर नेऊ नकोस, सासूबाई येतो म्हणाल्या आहेत तर त्यांना तिच्यापाशी बसव. त्यांना गुटी द्यायची फार हौस आहे, गोडीत नाही म्हण. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं माझं नाव सांग.

हळिवाचे लाडू संपत आले असतील. पिंट्याबरोबर डिंकाचे पाठवतेय, वरच्या पुड्यातले चिनूसाठी आहेत, त्यांत डिंक कमी आणि गूळ जास्त आहे. तिचे वेगळे आहेत हे तिला सांग, आजीने नाव घालून पाठवलेत म्हण. मी कागदावर लिहिलंय मोठ्या अक्षरात, तिला "चि" ओळखता येतो.

बाबांचे टाके पुढच्या आठवड्यात दाखवायचे आहेत. डॉक्टरांनी हो म्हटलं की मी येते, पंधरा दिवस तरी राहीन. तोवर रोज दुपारी दोनला मी फोन करीन, तू उचलला नाहीस तर झोपली आहेस असं समजेन.

तुझी,
आई

ता. क. लुगडं धुऊन घडी करून ठेव, मी आले की त्याची चार दुपटी शिवते. पिंट्याला सांगितलंय, स्टुलावर चढून हुक तोच काढेल. चिनूला तेव्हा जवळ उभी राहू दे, आणि तिला सांग की तिने काहीच केलं नव्हतं. काढला की मला फोन कर.