आम्ही मागितले ते न दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पुणे महानगरपालिकेच्या पथ विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून आमच्या भागाचे काम आपल्याकडे होते, तेव्हाच हे पत्र लिहायला हवे होते. आपली बदली झाल्याचे मागच्या महिन्यात समजले आणि राहून गेलेली गोष्ट टोचू लागली. आपल्या जुन्या कार्यालयात माझ्या हस्ताक्षरातली अनेक पत्रे फायलीला लागलेली असतील; त्यांतल्या एकाचीही भाषा आज मला पुन्हा वाचवणार नाही. ती पत्रे आपल्याला एकटीला वाचावी लागली होती, म्हणून हे मात्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आमच्या पहिल्या अर्जात मागणी एकच होती. शाळेच्या कोपऱ्यापासून दवाखान्यापर्यंतच्या 300 मीटरमध्ये पाच गतिरोधक बसवावेत. खाली 112 सह्या होत्या आणि पहिली सही माझी होती. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती, हे केंद्र सरकारचे आकडेही आम्ही अर्जात लाल शाईने लिहिले होते. तो अर्ज आपण मंजूर केला नाही. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्याचेच.

एक कबुली मात्र आधी द्यायला हवी. त्या अर्जाच्या दोन वर्षे आधी आम्हीच वर्गणी काढून, एका ठेकेदाराला गाठून, रातोरात डांबराचा एक उंचवटा घालून घेतला होता. ही गोष्ट आम्ही आपल्यापासून लपवली होती, पण पहिल्याच भेटीत आपण पिशवीतून टेप काढून तो मोजलात, तेव्हाच ती आपल्याला उमगली असावी. उंची 17 सेंटीमीटर, रुंदी जेमतेम 60. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेग ठेवून वाहन त्यावरून सहज जाते, असे आपण सांगितलेत. आमचा उंचवटा रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसांची कंबर मोडत होता. दुचाकीवाले तो टाळण्यासाठी कडेने, म्हणजे नेमके चालणाऱ्यांच्या अंगावरून जात होते. आणि मोटारी तो ओलांडला की वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी शाळेच्या फाटकासमोरच वेग वाढवत होत्या. हे सगळे आम्ही रोज पाहत होतो. तरीही त्यावरचा उपाय म्हणून असेच आणखी पाच मागायला आम्ही आलो होतो!

त्यानंतरची ती सकाळ आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी दहाबारा जणांना आपण मेडिकलच्या दुकानासमोर उभे केलेत आणि पावले टाकत रस्ता मोजलात. ताशी 30 किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला समोर मूल दिसले आणि भानावर येऊन ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण 13 मीटरवर थांबते. ती जागा गुलमोहराच्या झाडापाशी आली. वेग 50 असेल तर हेच अंतर 28 मीटरच्या घरात जाते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपण चालत राहिलात आणि गुलमोहर, पानाची टपरी, रिक्षाथांबा मागे टाकून थेट दूध डेअरीच्या पायरीशी थांबलात. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकलो आहे आणि वर्ग म्हणजे काय हे मला ठाऊक होते. पण तो गुलमोहर ते डेअरी एवढा असतो, हे मला त्या दिवशी दिसले.

मग आपण विचारलेत की या रस्त्यावर गाड्या 50 ने का जातात. चालक बेफिकीर असतात, असे आम्ही एका सुरात सांगितले. रस्ताच त्यांना तसे करायला सांगतो, असे आपले म्हणणे होते. 9 मीटरचे सलग डांबर, मधे काहीही नाही, आणि कोपऱ्याचे वळण इतके पसरट की वळताना ब्रेकवर पाय ठेवायचीही गरज पडू नये.

पुणे महानगरपालिकेने 2016 साली पादचारी धोरण स्वीकारलेले आहे, हेही तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला साजरा होणारा पादचारी दिन आम्ही हौसेने पाहून येत असू आणि घरी परतताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत असू.

आपण आधी काही बांधलेच नाही, हे मला आपल्या कामातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. रस्ता अरुंद करून पाहण्यासाठी दोन आठवडे केवळ चुन्याच्या रेघा आणि प्लास्टिकचे शंकू होते. त्या दोन आठवड्यांत आपल्याला किती बोलणी खावी लागली, याचा मी साक्षीदार आहे, आणि पहिले काही दिवस बोलणाऱ्यांत मीही होतो. चार मोटारी लावण्याची जागा गेली, म्हणून सोसायट्या रागावल्या. माल उतरवायचा कुठे, म्हणून दुकानदार रागावले. त्यांच्यासाठी आपण सकाळची वेळ आणि जागा आखून दिलीत. बसचे वळण बसत नव्हते, तेव्हा एका कोपऱ्याचे शंकू हातभर मागे सरकवलेत. हा बदल सिमेंट ओतल्यावर करावा लागला असता, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

आज शाळेसमोर पदपथ रस्त्यात पुढे आला आहे आणि ओलांडायचे अंतर 9 मीटरवरून 6 मीटरवर आले आहे. माझ्या आईच्या चालीने सेकंदाला पाऊण मीटर धरले, तर तिचे वाहनांसमोरचे चार सेकंद वाचतात. झेब्रा क्रॉसिंग पदपथाच्याच उंचीवर उचलले आहे, त्यामुळे तिला पायरी उतरावी लागत नाही. उतरणीवरून चढावे लागते ते मोटारींना. कडेने पावसाचे पाणी वाहून जायला ठेवलेल्या जाळीबद्दल मला शंका होती. पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मुद्दाम पाहायला गेलो, तर पाणी कुठेच तुंबले नव्हते. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमधून चाकांची खुर्ची जाते, हे दवाखान्यात येणाऱ्या एका गृहस्थांनी मला जाऊन दाखवले.

सगळेच सुधारले असे नाही. रात्री उशिरा एखादा मोटारसायकलवाला अजूनही सुसाट जातो, आणि एक खांब टेम्पोच्या धक्क्याने वाकला आहे. क्रॉसिंगचे पांढरे पट्टेही फिके पडले आहेत. आपल्या जागी आलेल्या साहेबांकडे मी याबद्दल अर्ज दिला आहे. तो एका पानाचा आहे, भाषा सौम्य आहे, आणि गतिरोधक हा शब्द त्यात कुठेही नाही. वर्गणीतून घातलेला तो जुना उंचवटा खरवडायला माणसे आली, तेव्हा त्यांना चहा आमच्याच घरून गेला होता, हेही जाता जाता कळवतो.

आपला नम्र,
112 सह्यांच्या अर्जावर पहिली सही करणारा रहिवासी